बाईंचं आमेन

आमच्या बाई डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायच्या. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण आमच्या ख्रिस्ती माणसांत प्रार्थना म्हटली की डोळे आपोआप मिटतात. लहान लेकराला चालायच्या आधी आम्ही ते शिकवतो. आणि सगळी मंडळी डोळे मिटून माना खाली घालून बसलेली असताना मधोमध एक म्हातारी टक्क डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत बसलेली असायची. लहान मुलं बोटांच्या फटीतून बघायची, आणि नेमकी बाईंची नजर तिथंच असायची. पोरं गपकन फट मिटायची.

मी विचारलं होतं त्यांना, "बाई, तुम्ही डोळं का मिटत न्हाई?"

"चुलीवर दूध ठेवून डोळं मिटतीस का तू?" म्हणाल्या. "मग माणसं ठेवून कशाला मिटू?"

बाई बायबलबाई होत्या. हा शब्द आता नव्या पोरींना ठाऊक नाही. पूर्वी मिशनच्या काही बाया गावोगाव हिंडायच्या, बायकांना वाचायला शिकवायच्या, शास्त्र सांगायच्या, आजाऱ्यापाशी बसायच्या. त्यांना बायबलबाई म्हणत. आमच्या बाईंनी सगळी उमर त्यात घालवली. कासुर्डीला चालत जायच्या, शिरूरच्या बाजूच्या गावांना एसटीनं. लग्न केलं नाही. म्हातारपणी केडगावला आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या त्या एक ट्रंक, एक काळी छत्री आणि एक शेळी घेऊन. पायात पुरुषी काळे बूट. गुडघे दुखायचे म्हणून प्रार्थनेला गुडघे टेकायच्या नाहीत, पालथ्या बादलीवर बसायच्या. "गुडघं त्यानंच घेतलं माझं, आता त्याच्यापुढं टेकायला कुठनं आणू?" असं वर.

पण बाईंची खरी दहशत होती ती त्यांच्या आमेनची.

आमच्या मंडळीत रीत अशी, की कुणी प्रार्थना केली की ती संपल्यावर सगळ्यांनी मिळून आमेन म्हणायचं. म्हणजे, व्हय, आमचंही हेच म्हणणं हाय. बाई मात्र प्रार्थना संपायची वाटच बघायच्या नाहीत. त्यांना वाटलं की आता माणूस देवाशी बोलायचं सोडून भलतीकडेच निघालाय, की मध्येच खणखणीत आवाजात, "आमेन!" मग काय, बाकीच्यांच्या तोंडून सवयीनं आमेन जायचंच, आणि प्रार्थना करणारा अर्ध्या वाक्यात उघडा पडायचा.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तेव्हा वयानं मोठे, माणूस फार भला, पण प्रार्थनेला उभे राहिले की जगाची फेरी घालून यायचे. पंतप्रधान, मुख्यमंत्री, सीमेवरचे जवान, दूरदेशीचे मिशनरी, नदीला आलेले पूर. एकदा असेच आफ्रिकेपर्यंत पोचले होते, तर बाईंनी आमेन म्हणून टाकलं. "साहेब, आपल्या आळीतली ती बाळंतीण राह्यली की वो मागंच. तिच्यावरनं तुमचं विमान उडून गेलं." पाळकसाहेब हसले आणि परत पहिल्यापासून, पण बाळंतिणीपासून सुरू केलं.

आणि एक आमच्या महिला मंडळातली बहीण होती, तिचं नाव सांगत नाही, ती प्रार्थनेतून चुगल्या करायची. "हे प्रभू, पाळकीणबाईंना नव्या साड्यांच्या मोहातून सोडव, आणि कोपऱ्यातल्या घरातल्या सुनेला सासूचा मान राखायला शिकव." बाई: "आमेन!" आणि मग अगदी गोड आवाजात, "ताई, देवाला हे ठाऊक हाय गं. तू आमाला सांगत होतीस." त्या दिवसापासून तिच्या प्रार्थना चांगल्या आखूड झाल्या.

दर बुधवारी दुपारी आमच्या अंगणात महिला मंडळ बसायचं. बाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. हाताला काम असलं की जीभ खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रार्थना झाल्यावर लगेच कुणाला उठू द्यायच्या नाहीत. "बसा गप. आपलं बोलून झालं. आता त्याला बोलू द्या की." मग आम्ही गप्प बसायचो. शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी यायची, शेळी बें करायची, एखादीला आपल्या कुकरची आठवण व्हायची. बाई आपल्या खडे काढत राहायच्या. मला सुरुवातीला त्या शांततेत काहीच ऐकू यायचं नाही. मग हळूहळू आपल्याच मनातला कालवा ऐकू यायला लागला.

मी चौथी शिकलेली. पुढं जे वाचायला आलं ते बाईंच्या नादानं. त्यामुळे मला प्रश्न फार. एकदा विचारलं, "बाई, देवाला सगळं आधीच ठाऊक असतंय, मग सांगायचं कशाला?"

सूप बाजूला ठेवलं त्यांनी. "तुझी इस्तू साळंतनं रडत आली, तर तुला बघूनच कळतंय ना काय झालं असंल?"

"व्हय."

"तरी इचारतीस, काय झालं गं?"

"इचारतेच की."

"का? ठाऊक असून का इचारतीस?"

"सवय हाय म्हणून," मी म्हटलं.

"ती सांगता सांगता मांडीवर येती म्हणून," बाई म्हणाल्या, आणि सूप परत ओढून घेतलं.

आणि 'येशूच्या नावानं मागतो' असं आम्ही शेवटी म्हणतो, त्याचंही त्यांनी मला असंच सांगितलं होतं. "माझं नाव सांगून तू दुकानातनं सामान आणणार असशील, तर आधी मला इचारशील का न्हाई? बाईला हे चालंल का? तसंच ते. त्याचं नाव लावण्याआधी जरा थांबायचं, हे त्याला चालंल का बघायचं. लोक नुसता शिक्का मारत्यात."

तुम्हाला वाटेल, बाईंच्या सगळ्या प्रार्थना ऐकल्या जात असतील. तसं काही नव्हतं. त्यांची शेळी आजारी पडली, तेव्हा त्यांनी गुरांचा डॉक्टर आणला, रात्रंदिवस तिच्यापाशी बसल्या, प्रार्थना केल्या, तरी शेळी गेलीच. मग बाईंनी देवाशी अबोला धरला. खरंच सांगते. देवळात यायच्या, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, येऊन बसायच्या, पण गाणं नाही, प्रार्थना नाही, आमेन नाही. पाळकसाहेब घाबरले. त्या वेळी त्यांच्या प्रार्थना मनसोक्त लांबल्या तरी त्यांना गोड लागेनात. मला म्हणाले, "बाईंना समजवा की जरा."

मी गेले समजवायला. म्हटलं, "बाई, असा देवावर राग धरू नये."

"राग न्हाई. अबोला हाय," बाई म्हणाल्या. "आन् अबोला घरच्या माणसाशीच धरता येतो, येडे. परक्याशी कुठं धरता येतो?"

मग एका सकाळी अंगण झाडताना त्यांचा आवाज आला, वरती तोंड करून कुणाला तरी म्हणत होत्या, "बरं, चल, झालं. पर माझ्या मनात ते हाय बरं का." मला कळलं, समेट झाला.

आता इस्तूचं सांगते. त्याशिवाय बाईंची गोष्ट पुरी होत नाही.

एस्तेर आमची एकुलती लेक. घरात इस्तूच. बारावी झाली, आणि तेव्हा रांजणगावला कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या, तिथं तिला पॅकिंगमध्ये काम लागलं. चार पोरी मिळून खोली घेऊन राहायच्या. कंपनीची बस, शिफ्ट, गळ्यात ओळखपत्र, पोर खुशीत होती. तिथंच लाइनवर काम करणारा एक मुलगा तिला आवडला. शिरूरजवळच्या गावचा, बौद्ध घरातला. चांगला शिकलेला, बोलायला मऊ. ती घरी सांगायला आली होती, पण आमच्या घरातून होकार येईना. मग दोघांनी कोर्टात लग्न केलं.

आमचे मालक दौंडला रेल्वेत फिटर. सकाळच्या शटलनं जायचे, संध्याकाळी यायचे. आयुष्यात कुणाशी मोठ्यानं बोललेले नाहीत. त्या दिवशीही मोठ्यानं बोलले नाहीत. डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "देवळात लगीन झालं न्हाई. पाळकाचा आशीर्वाद न्हाई. हितनं पुढं ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाई." झालं. मोठ्यानं ओरडले असते तर मी भांडले असते. पण ती हळू आवाजातली गोष्ट दगडासारखी घरात बसली. सणाला बसली, जेवायला बसली. इस्तूनं स्टेशनवरच्या टेलिफोनवाल्याकडे फोन केला होता, त्यानं निरोप आणला, तर ह्यांनी त्यालाच परत पाठवलं.

बाई त्यांना फिटर म्हणायच्या. एकदा अंगणात गाठून म्हणाल्या, "फिटर, त्या पोराचा आजा आन् तुमचा आजा दोघंबी गावाभाईरच्याच आळीत राहत हुते. गावच्या हिरीवर दोघांनाबी पानी भरू देत नव्हते. ते बाबासाहेबांच्या मागनं गेले, तुमी येशूच्या. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय बाई," हे म्हणाले, आणि सायकल काढून गेले.

मी बुधवारच्या मंडळात विनंती मांडली. आमच्यात अशी विनंती नाव न घेता मांडायची पद्धत असते. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, पण शब्द पुस्तकातले वापरायचे म्हणजे अब्रू झाकली जाते. मी म्हटलं, "भगिनींनो, कळपातून भरकटलेल्या एका मेंढरासाठी प्रार्थना करा."

"कुठलं मेंढरू?" बाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "पांढरं का काळं?"

बायका पदराआड हसल्या. मला लाज वाटली, तरी मी प्रार्थना सुरू केली. "हे दयाळू पित्या, तिला सुबुद्धी दे, तिला योग्य मार्ग दाखव..."

"आमेन!"

मला इतकं लागलं म्हणून सांगू. सगळ्या गेल्यावर मी मागच्या दारी जाऊन रडत बसले. बाई बूट वाजवत आल्या, आपली बादली आणली, पालथी घातली आणि माझ्याजवळ बसल्या.

"तुझ्या पोरीला बुद्धी कमी हाय का?"

"न्हाई."

"जावई वाईट हाय का?"

"तसं कुणी म्हणत न्हाई."

"मग सुबुद्धी कशाला मागतीस? तुला काय पायजे ते माग की. काय पायजे तुला?"

मी पदरानं नाक पुसलं. मग तोंडातून निघालं, "मला तिचा आवाज ऐकायचाय, बाई. तिला दिवस गेल्यात असं कानावर आलंय. मला तिच्यापाशी जायाचंय."

"बघ. आली की न्हाई प्रार्थना," बाई म्हणाल्या. "हेच बोल. ह्याच भाषेत. देवाला मराठी येतंय, पर तुझं खोटं मराठी त्याला समजत न्हाई."

"पर घरात नाव काढायची चोरी हाय."

"मग देवळात काढ. देऊळ काय फिटरच्या मालकीचं न्हाई."

रविवारच्या उपासनेत आमच्यात मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला आतून वाटेल त्यानं उठून मोठ्यानं प्रार्थना करायची. मी कधी उठले नव्हते. चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटायची. देवळात उजवीकडे बाया, डावीकडे पुरुष. हे नेहमी खिडकीपाशी बसायचे. त्या रविवारी मी उठले. का उठले ते विचाराल तर, बाईंची बादली डोळ्यांपुढे होती. दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "देवा, माझी इस्तू रांजणगावला हाय. एस्तेर. तिचं नाव एस्तेर. तिला पोळी जमत न्हाई, कडंला जाड ऱ्हाती. तिला दिवस गेल्यात. पहिलटकरीण हाय, तिला भ्या वाटत असंल. तिच्यापाशी कोण हाय? मला तिच्यापाशी जायाचंय. आमच्या घरात राग येऊन बसलाय, त्याला उठव. ह्यांनाबी ती आठवती, मला ठाऊक हाय. ती गेल्यापासनं हे तिची सायकल पुसत्यात. मला माझी पोर पायजे. हे येशूला चालंल असं वाटतंय, म्हणून त्याच्या नावानं मागते."

आणि गप्प झाले.

आता इथं आमेन यायला हवं. प्रार्थना संपली होती, येशूचं नाव घेऊन झालं होतं. पण आमेन आलं नाही. त्याचं कारण असं, की इतक्या वर्षांत सगळ्यांना सवय लागली होती, बाई म्हणतील मग आपण म्हणू. आणि जी बाई दुसऱ्याच्या अर्ध्या वाक्यात आमेन म्हणायची, ती त्या दिवशी ओठ घट्ट मिटून बसली होती. हात मांडीवर, डोळे उघडे. आणि नजर सरळ पुरुषांच्या बाजूला, खिडकीपाशी.

पंखा कडकड करत फिरत होता. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला, बाईंकडे बघितलं आणि परत मिटून घेतला. बाहेरून एक गाडी गेली, लांबलचक मालगाडी असावी, ती जाता जाईना. मनात म्हटलं, बाई, आता तरी म्हणा ओ. पण बाई हलल्यासुद्धा नाहीत.

गाडी गेली. आणि मग डावीकडून, खिडकीपासून, अगदी हळू, "आमेन."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तो आवाज मी ओळखला नसता तरच नवल. मग मात्र बाईंनी असं काही आमेन म्हटलं, आणि त्यांच्यामागून सगळ्या देवळानं, की वळचणीची कबुतरं उडाली.

घरी आलो. जेवायला वाढलं. ह्यांनी पोळी मोडली. मग म्हणाले, "पोळी अजून जाडच करती का गं ती?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक? चला, बघून येऊ."

सुट्टी बघून गेलो आम्ही. न्हावऱ्यावरून एसटीनं शिरूर, तिथून पुढं रांजणगाव. हे रस्ताभर मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घट्ट धरून बसले होते. दार इस्तूनंच उघडलं. शिफ्टवरून नुकती आलेली, केस विस्कटलेले, पोट दिसायला लागलेलं. "आई, घरात दूधच न्हाई गं," असं म्हणाली आणि रडायला लागली. हे पुढं झाले आणि म्हणाले, "कोरा चहा कर. मला कोराच आवडतो." कोरा चहा ह्यांनी जन्मात घेतलेला नव्हता.

भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. खाली आम्ही जेवायला बसलो. जेवणाआधी प्रार्थना करायची आमची सवय, आणि इथं करावी का न करावी म्हणून हे अडले. जावईच म्हणाला, "मामा, करा की तुमची प्रार्थना." मग अडखळत विचारलं त्यानं, "मी पन डोळं मिटू का?"

"उघडे ठेवले तरी चालतंय," हे म्हणाले. "आमच्या बाई ठेवत्यात."

पोळ्या जाडच होत्या. ह्यांनी मागून मागून खाल्ल्या.

केडगावला परत आल्यावर मी धावत मागच्या खोलीत गेले. "बाई, देवानं ऐकलं!"

बाई तांदूळ निवडत होत्या. "देवाचे आभार मान," म्हणाल्या. "आन् फिटरचे पन मान. त्याचं काम जास्त अवघड हुतं."

इस्तूचं बाळ बाईंच्या मांडीवर खेळलं, सुपातले तांदूळ उधळायला शिकलं. बाई त्याच्यावर ओरडल्या नाहीत. मग एका उन्हाळ्यात बाई अंथरुणाला न खिळता, बसल्या जागी गेल्या. दुपारी मी ताक घेऊन गेले तर बादलीवर भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे. मी हाक मारली. मग ताक खाली ठेवलं आणि त्यांचे डोळे माझ्या हातांनी मिटले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ते मिटले असतील.

जुने पाळकसाहेब तोवर निवृत्त होऊन गेले होते. नवीन आलेले तरुण, नगरकडचे, बाईंना फार ओळखत नव्हते. माती द्यायला सगळे जमलो. ऊन डोक्यावर, पायाखालची माती तापलेली. इस्तू आणि जावई बाळाला घेऊन आले होते, कासुर्डीहून, शिरूरकडून माणसं आली होती, बिगरख्रिस्ती घरांतल्या म्हाताऱ्या आल्या होत्या ज्यांना बाईंनी कधीकाळी वाचायला शिकवलं होतं. नव्या पाळकांनी प्रार्थना सुरू केली. चांगली सुरू केली. मग ती वाढत गेली. "हे सर्वसमर्था, तुझ्या या विश्वासू दासीनं या पंचक्रोशीत जे कार्य केलं, त्या कार्याचा सुगंध दाही दिशांना..."

"आमेन!"

खणखणीत. पुरुषाचा आवाज. सगळ्यांच्या तोंडून सवयीनं आमेन गेलं, आणि पाळकसाहेब दाही दिशांमध्ये तसेच उभे राहिले. कुठून तरी एक म्हातारी फस्सकन हसली, मग दुसरी, आणि हसता हसता सगळ्या रडायला लागल्या. जावयानं पहिली मूठभर माती घेतली.

माझे डोळे उघडेच होते, म्हणून ते आमेन कुणाच्या तोंडून निघालं ते मला दिसलं. आमच्या मालकांचेही उघडेच होते.